नऊ नंबरचा भोंगा

रोह्यात भोंगा वाजला की लोक आधी मी कुठे आहे ते बघतात. धाटावच्या कंपन्यांच्या दिशेला नाही, वारा कुठून येतोय तिकडे नाही, माझ्याकडे. अंकासाठी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ असा निरोप आला तेव्हा बायको म्हणाली, “त्या भोंग्याचं सोडून बाकी सगळं लिहा.” बाकी सगळं म्हणजे नोकरी. तारा जोडल्या, तुटल्या, पुन्हा जोडल्या. त्यात वाचणाऱ्याला काय मिळणार? म्हणून बायकोची क्षमा मागून भोंग्याचंच लिहितो.

मी टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ होतो. आधी पेणला, मग रोह्याला, आणि निवृत्तीनंतरही रोह्यातच राहिलो. स्वभाव पहिल्यापासून धास्तावलेला. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो आणि कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा. खात्यात हा गुण समजला जायचा. घरात त्याला दुसरं नाव आहे.

बोलत्या बाहुल्यांच्या नादाला मला पांडूनानांनी लावलं. पेणमध्ये गणपतीच्या मूर्ती करतात त्या जागेला आम्ही कारखाना म्हणतो. नानांचा असा एक कारखाना होता आणि मूर्तींबरोबर ते मंडळांसाठी हलते देखावेही करायचे. माणसाएवढ्या बाहुल्या, पोटात ट्रकच्या वायपरची मोटर, हात वरखाली, मान डावीउजवी. पण सगळ्यांचे आवाज कोपऱ्यातल्या एकाच स्पीकरमधून यायचे. राजा हात हलवतोय आणि आवाज खांबापाशी, असा प्रकार. एकदा त्यांच्या कारखान्यातला फोन दुरुस्त करायला गेलो होतो, तेव्हा नानांनी चहाचा कप पुढे करत विचारलं, “टिपणीस, गावात एवढे फोन, पण घंटी बरोबर ज्याच्यात्याच्या घरीच कशी वाजते? तसं माझ्या बाहुल्यांचं नाय का करता यायचं?”

त्या प्रश्नानं माझी पुढची वीस-बावीस वर्षं खाल्ली.

युक्ती साधी आहे. फोनचं बटण दाबलं की जो आवाज येतो तो एक नसतो. दोन शिट्ट्या एकाच वेळी वाजतात, एक जाड आणि एक बारीक. प्रत्येक बटणाची जोडी वेगळी. एक्स्चेंजला त्या जोडीवरूनच कळतं की तुम्ही एक दाबलात की नऊ. मी देखाव्याचं ध्वनिमुद्रण दोन भागांत करायचो. डाव्या बाजूला संवाद, उजव्या बाजूला फक्त या शिट्ट्या. शिट्ट्यांची तार मी बनवलेल्या एका पेटीत जायची, लोकांना त्या कधीच ऐकू यायच्या नाहीत. पेटीनं एक ऐकला की संवाद पहिल्या बाहुलीच्या छातीतल्या स्पीकरला जोडला जायचा आणि तिचाच जबडा हलायचा. दोन ऐकला की दुसरीचा. पुढचा आकडा येईपर्यंत जोडणी तशीच राहायची. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

पहिल्याच वर्षी माझी फजिती झाली. देखावा सासूसुनेचा. मी तारा पडद्यामागून जोडल्या, माझ्या डावीकडून एक, दोन, तीन. नानांनी बाहुल्या पुढून मांडल्या, त्यांच्या डावीकडून एक, दोन, तीन. पडदा उघडला आणि पांढऱ्या केसांची सासू सुनेच्या कोवळ्या आवाजात म्हणाली, “मी दमले हो, जरा बसू का?” आणि सून कमरेवर हात ठेवून सासूच्या आवाजात तिला कामं सांगू लागली. मी तारा उपटायला धावलो तर पुढच्या बायकांनीच अडवलं. म्हणाल्या, असंच राहू द्या, पहिल्यांदा काहीतरी बघण्यासारखं झालंय. विसर्जनापर्यंत ते तसंच चाललं. मी मात्र तेव्हापासून प्रत्येक बाहुलीच्या पाठीवर खडूनं आकडा लिहायला लागलो, आणि पडदा उघडण्याआधी तीनदा तपासायला लागलो.

आता भोंगा.

काही वर्षांपूर्वी आमच्याच आळीच्या मंडळानं ठरवलं की देखावा उपयोगाचा करायचा. रोह्यातल्या निम्म्या घरांतला एकेक माणूस धाटावच्या कुठल्या ना कुठल्या कंपनीत शिफ्टला जातो. तिथे रसायनं असतात. गळती झाली आणि भोंगा वाजला तर घरच्यांनी काय करायचं, हे सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं आणि कुणालाच आठवत नाही. मंडळाचा सेक्रेटरी संतोष म्हणाला, “काका, तुमच्या बाहुल्या सांगतील ते लोक पत्रकापेक्षा ऐकतील.” मला बरं वाटलं. आयुष्यभर लोक माझ्याशी फक्त फोन बंद पडल्यावर बोलले होते.

चार बाहुल्या ठरल्या. कामगार, त्याची बायको, म्हातारी आई आणि हेल्मेट घातलेले सुरक्षा अधिकारी. मागे पुठ्ठ्याची कंपनी, तिच्या चिमणीत एक छोटा स्पीकर, भोंग्यासाठी. कामगाराच्या बायकोचा आवाज आधी शाळेतल्या एका बाईंकडून करून घेतला होता. शुद्ध, स्पष्ट, आणि ऐकताना वाटायचं की बातम्या चालल्यात. मग संतोषनं वनिताला आणलं.

वनिता म्हात्रे आमच्या आळीच्या टोकाला राहते. माहेर पेणच्या खाडीकडचं, मिठागरावर काम केलेलं घर. नवरा प्रकाश धाटावला शिफ्टमध्ये. तिनं कागद एकदा वाचला आणि बाजूला ठेवला. “असा कोन बोलतं काका?” म्हणाली आणि आपल्या मनानं बोलली, “खिडक्या लाव गो पोरी. ओला फडका नाकाला धर. आनि कुनी कंपनीच्या वाटला जाव नको, वाऱ्याला आडवा चाला.” मी पहिल्या खेपेचंच ठेवलं. त्या काळात ती रोज संध्याकाळी लेकीला कडेवर घेऊन स्वतःचा आवाज ऐकायला यायची आणि तोंडाला पदर लावून हसायची.

भोंगा खराच हवा, हा माझा हट्ट. कंपन्यांची गळतीच्या वेळची रंगीत तालीम होती त्या दिवशी गच्चीवर ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन बसलो. दोन कंपन्यांचे भोंगे एकाच वेळी वाजले, एक जाड, एक बारीक. अगदी शेवटी जिन्यातून बायकोची हाक आली, “अहो, चहा.” ती पुसट होती. कोण ऐकतंय म्हणून मी ती काढली नाही.

आणि संतोषचा एक हट्ट. देखाव्याच्या सुरुवातीचं ‘या, या, बघून जा’ एवढं वाक्य रस्त्यावरच्या कर्ण्यांवरून जायला हवं, म्हणजे पुलापर्यंतची माणसं येतील. आरतीसाठी लावलेले ते कर्णे पुलापर्यंत बांबूवर होते. मी कुरकुरलो. मांडवातला आवाज आणि रस्त्यावरचा आवाज एका पेटीत असू नये असं माझं मन सांगत होतं. पण तो म्हणाला, “काका, तुम्हाला काय अवघड आहे?” या वाक्यापुढे मी कधी टिकलेलो नाही. मी कर्ण्यांना नऊ नंबर दिला.

चाचणी मी तीनदा केली. पण भोंगा प्रत्येक वेळी अगदी हळू लावून. रोह्यात उगाच भोंग्याचा आवाज नको, लोक घाबरतील, म्हणून. मी इतकी काळजी घेतली होती.

गौरी बसल्या त्या संध्याकाळी गर्दी फार होती. बायका नटूनथटून आलेल्या, पोरं खांद्यावर. मागच्यांना ऐकू येईना म्हणून संतोषनं आवाज वाढवला, मला न विचारता. मी पडद्यामागे पेटीपाशी होतो. कामगार बोलला, म्हातारी बोलली, मग कंपनीच्या चिमणीतून भोंगा सुरू झाला आणि दोन-तीन सेकंदांत बंद पडला.

मला वाटलं, चिमणीतला स्पीकर गेला. मी पेचकस घेऊन पुठ्ठ्याच्या कंपनीत डोकं घातलं आणि स्पीकरचे स्क्रू आवळू लागलो. लाज वाटते सांगायला, पण गाव पळत होतं तेव्हा मी स्क्रू आवळत होतो.

डोकं बाहेर काढलं तेव्हा रस्त्यावरचा भोंगा ऐकू आला. मोठा, लांबवर पसरलेला, पुलापर्यंत गेलेला. पडद्यापलीकडे बायकांच्या बांगड्या वाजल्या, खुर्च्या पडल्या, कुणीतरी पोराचं नाव घेऊन ओरडलं. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, खरा भोंगा झाला. ज्या माणसानं तो गच्चीवर बसून टिपला त्याला वाटलं. मी खिशातला रुमाल काढून पाण्याच्या बाटलीत बुडवला, नाकाला लावला आणि बायकोला फोन करू लागलो. स्वतःच्या घरचा नंबर दोनदा चुकला.

तेवढ्यात भोंगा उतरत आला आणि रस्त्यावरच्या सगळ्या कर्ण्यांवरून, पुलापर्यंत, माझ्या बायकोचा आवाज आला. “अहो, चहा.”

मी पेटीकडे बघितलं. नऊचा दिवा लागलेला होता.

कसं झालं ते मला तिथेच उभ्या उभ्या कळलं. दोन भोंगे, एक जाड आणि एक बारीक. चढत जाताना एका क्षणाला ते दोघं मिळून बरोबर नऊच्या बटणासारखे वाजले. ते संवादाच्या तारेत होते, शिट्ट्यांच्या नाही. पण मांडणीच्या शेवटच्या दिवशी घाईत मी दोन्ही तारा एकत्र बांधल्या होत्या, लांबच्या लांब, शेजारी शेजारी. आवाज वाढवला आणि एकीतलं दुसरीत झिरपलं. ही गोष्ट टेलिफोनवाल्याला कुणी शिकवावी लागत नाही. पेणला एका डॉक्टरांच्या फोनवर शेजारच्या घरातलं भांडण ऐकू येत असे, ते मी स्वतः याच कारणानं दुरुस्त केलं होतं. पेटीनं नऊ ऐकला, कर्णे जोडले, आणि पुढचा आकडा येईपर्यंत ते जोडलेलेच राहिले.

मी माईक घेतला. “भोंगा खोटा होता, देखाव्यातला होता, कुणी घाबरू नका,” असं किती वेळा म्हणालो आठवत नाही. समोर ऐकायला कुणी नव्हतं. मांडवात चपला पडलेल्या, ओटीतले तांदूळ सांडलेले, आणि गणपतीपुढे एक आजी हात जोडून बसलेली. तिला पळवत नव्हतं. हळूहळू माणसं दारं किलकिली करून बघू लागली. मांडवाशेजारच्या चहावाल्याचे वडील पायरीवरून पडले होते, त्यांचं मनगट मोडलं. त्यांना रिक्षात घालेपर्यंत वनिताची सासू आली, कडेवर वनिताची लेक.

“वनिता कुठे?” मी विचारलं.

“ती पलाली धाटावला,” म्हातारी म्हणाली. “पोरीला माझ्याकरं टाकली नि पलाली. परकाशची दुसरी शिफ्ट हाय ना.”

मी तिला फोन लावला. घंटी म्हातारीच्या हातातल्या पिशवीत वाजली. वनितानं फोन नेलाच नव्हता.

स्कूटर काढली. धाटावच्या रस्त्यानं संध्याकाळी टँकर येतात, कंपनीच्या बस येतात, दुचाकींची रीघ असते, आणि ती बाई त्यातून पळत गेलेली. प्रत्येक वळणावर रस्त्याकडेला चार माणसं दिसली की मी स्कूटर हळू करायचो. एके ठिकाणी माणसं गोल करून उभी होती. मी स्कूटर थांबवली, पण पुढे जाऊन बघायला पाय उचलेना. शेवटी एकानं वळून सांगितलं, बैल बसलाय. मी त्याला नमस्कार केला. तो अजून मला वेडा समजत असेल. देवाला काय काय कबूल केलं त्या रस्त्यावर, ते इथे लिहीत नाही. बरंचसं अजून फेडायचं आहे.

वनिता फाटकापाशी होती. अनवाणी, डाव्या पायाच्या अंगठ्यातून रक्त येतंय, गौरीसाठी नेसलेली हिरवी साडी गुडघ्यापर्यंत मळलेली. वॉचमन तिला समजावत होता, “ताई, आमचा भोंगा वाजलाच नाय, खरंच सांगतो.” तिचा विश्वास बसत नव्हता. मग आतून प्रकाशला बोलावलं. तो हेल्मेट काखेत धरून आला आणि तिला बघून म्हणाला, “काय गो, काय झाला?” ती त्याचा हात धरून उभी राहिली.

मग तिची नजर माझ्यावर आली.

“तुमचा व्हता?” तिनं विचारलं.

“माझा होता,” मी म्हणालो.

मला वाटलं, आता बोलेल. बोलायला हवं होतं. प्रकाश पुन्हा आत गेला आणि मी तिला स्कूटरवर बसवून निघालो. मोठा टँकर गेला की ती माझा खांदा घट्ट धरायची. नदीजवळ आल्यावर म्हणाली, “काका, मना सगला पाठ हाय. कंपनीच्या वाटला जाव नको, ह्या माझ्याच तोंडचा हाय. पन पायांनी आयकला नाय.”

मी म्हणालो, “वनिता, चूक माझी आहे. लोकांना इतकं घाबरवलं मी.”

ती म्हणाली, “लोकं भ्याली त्याचा काय नाय. आता भिनार नाय, त्याचा काय करशाल?”

मला तेव्हा ते नीट कळलं नाही. चहावाल्याच्या वडिलांचं मनगट, मंडळाची बैठक, पोलीस ठाण्यात लिहून दिलेला माफीनामा, यातच मी बुडालो होतो. लोकांनी मला फार लवकर माफ केलं. दुसऱ्या दिवशी विनोद सुरू झाले. दुकानात गेलो की कुणीतरी “अहो, चहा” म्हणायचं. बायकोचं बाजारात जाणं काही महिने बंद झालं. मी नऊ नंबरची तार कापली, पेटी कपाटात ठेवली, आणि पांडूनानांना कळवलं की माझं काम संपलं. नाना म्हणाले, “अरे, मूर्तीचा हात मोडला तर आपन मूर्ती करायची बंद करतो काय?” पण नानांच्या मूर्तीमुळे कुणी धाटावपर्यंत अनवाणी पळालं नव्हतं.

मग कंपनीच्या चाचणीचा भोंगा आला. खरा, धाटावचा. मी खिडकीत होतो. पूर्वी या भोंग्यानं हातातलं काम थांबायचं. माणसं घड्याळ बघायची, चाचणीची वेळ आहे ना एवढी खात्री करायची आणि मग पुढे जायची. त्या दिवशी कुणी घड्याळ बघितलं नाही. पानवाला माझ्या खिडकीकडे बघून ओरडला, “टिपणीसकाका, तार सुटली वाटतं.” आणि सगळे हसले.

तेव्हा मला वनिता काय म्हणाली ते कळलं. मी भोंग्याचा शब्द खोटा पाडला होता. उद्या खरंच काही झालं तर ही माणसं हसत उभी राहतील, आणि ती हसतील ती माझ्यामुळे. त्यानंतर मला धड झोप लागली नाही. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली. मी त्यांना कारण सांगितलं नाही, कारण ते स्वतः भोंग्यावर विनोद करणाऱ्यांतले.

फक्त एक घर हसत नव्हतं, वनिताचं. भोंगा वाजला की माझा फोन वाजायचा. “काका, तुमचा का?” मी म्हणायचो, “माझा नाही.” “बरा,” म्हणून ती फोन ठेवायची, आणि आळीच्या टोकाला खिडक्या लागल्याचा आवाज यायचा. चाचणी असली तरी.

यंदाची गोष्ट. दुपारी मी भाजी घ्यायला बाजारात होतो. कोथिंबिरीची जुडी हातात, आणि भोंगा वाजला. चाचणीचा दिवस नव्हता. आजूबाजूला कुणी हललं नाही. एकानं तर भाव करणंही थांबवलं नाही. मी तोंड उघडलं, पण काय बोलणार? हा खरा आहे, असं मी सांगायचं? मी?

भाजीवाल्या बाईनं मान वर केली. सवयीनं हसायला गेली आणि तिला मी दिसलो. ती माझ्याकडे बघत राहिली.

“काका, तुमी तं हितं हाव,” ती म्हणाली. “मंग वाजवतंय कोन?”

शेजारच्यानं बघितलं, मग त्याच्या शेजारच्यानं. ‘काका इथे आहेत’ हे वाक्य बाजारात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं. एकानं शटर ओढलं. भाजीवाल्या बाईनं पाण्याच्या बादलीत पदर बुडवला, नाकाला लावला, आणि मला हाताला धरून शेजारच्या दुकानात ओढलं. पाच मिनिटांत बाजार बंद होता. कुणी धावलं नाही, कुणी कंपनीच्या वाटेला गेलं नाही. संध्याकाळी कळलं, न सांगता घेतलेली रंगीत तालीम होती.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे, आणि तो सगळ्या पत्रकांच्या उलट आहे. भोंगा वाजला की बायको खिडक्या लावते आणि मी ओला रुमाल नाकाला लावून घराबाहेर पडतो. आळीच्या मधोमध, सगळ्यांना दिसेन असा उभा राहतो, दोन्ही हात वर करून, म्हणजे हातात पेटी नाही, तार नाही, हे लांबूनही कळावं. लोक दारातून बघतात. मी दिसलो की दारं लागतात. चाचणी असो, तालीम असो, मला विचारायला वेळ नसतो. कुठल्याही दिवशी हा खरा असेल आणि वारा आमच्याकडचा असेल हे मला चांगलं माहीत आहे. पण शेवटचं दार लागेपर्यंत मी आत जात नाही.

शेवटचं दार नेहमी आळीच्या टोकाचं असतं. ती मुद्दाम थांबते. लेकीला आत ढकलते, नाकावरचा फडका जरासा खाली ओढते आणि मला ओरडून सांगते, “बगितला काका, सगल्यांनी बगितला. आता घरान जा.”